साठ रोपांतले एक

वर्गात आमच्या हातून झालेल्या चुका लिहायला बसलो तर एक वही पुरायची नाही. त्यांतली एक जर्दाळूच्या बीची आहे. ती चूक आमच्या लक्षात आणून दिली एका जपानी झाडाने, म्हणून आजचा लेख त्या झाडावर.

आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की सातवीचा तास आमच्या वाट्याला येतो. असाच एकदा बी रुजण्याचा पाठ आला. मुलांनी प्लास्टिकच्या पेल्यांत माती भरून आणली. कोणी हरभरा लावला, कोणी मूग, कोणी मेथी, एकाने चिंचोका. एका मुलीने जर्दाळूच्या चार गुठल्या आणल्या होत्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी खुबानीचा मीठा झाला होता. भिजवलेल्या जर्दाळूतली गुठली फोडून आतली गिरी वरून सजवायला घेतात, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. फोडायच्या ढिगातून हिने चार लपवून ठेवल्या होत्या.

मूग तिसऱ्या दिवशी वर आला. आठवड्यात हरभरा आला, मग चिंचोकाही आला. जर्दाळूचा पेला महिनाभर खिडकीत तसाच. शेवटी आम्ही तिच्या वहीत निरीक्षण लिहून दिले : बी निर्जीव होते, अंकुरण नाही. तिने विचारले, ‘‘बाई, ती मेली हे कसं कळलं?’’ आम्ही म्हणालो, ‘‘उगवली नाही ना, म्हणून.’’ तेवढ्यात घंटा झाली. तिने पेला भिंतीकडेच्या लिंबाखाली रिकामा केला आणि निघून गेली.

पुढच्या फेब्रुवारीत आमच्या भाच्याचा फोन आला. तो नोकरीसाठी जपानमध्ये असतो, तोक्योपासून फार लांब नाही. त्याने एक फोटो पाठवला होता. काळपट, वाकड्यातिकड्या, पान नसलेल्या फांद्या, बुंध्याशी थोडे बर्फ, आणि फांद्यांवर पांढरी फुले. ‘‘खाला, एवढ्या थंडीत झाड फुललंय. आणि वास असा की रस्त्यातून जाताना पाय थांबतात. याला उमे म्हणतात. याची बी आणू का आपल्या अंगणात लावायला?’’

तेव्हापासून उमे आमच्या मागे लागले, किंवा आम्ही त्याच्या.

हे झाड मूळचे चीनचे. तिकडे त्याला मेई म्हणतात. जपानात ते बाराशे वर्षांहून आधी पोचले. इंग्रजीत त्याला प्लम म्हणायची रीत पडली, म्हणून आपल्याकडच्या लिखाणातही ते जपानी आलुबुखारा होऊन बसते. पण नात्याने ते आलुबुखाऱ्यापेक्षा जर्दाळूला अधिक जवळ आहे. इतके जवळ की दोघांचा संकर सहज होतो. फळ छोटे, हिरवे-पिवळे आणि इतके आंबट की झाडावरून तोडून कोणी खात नाही. मिठात मुरवून आणि मग उन्हात वाळवून त्याचे लोणचे करतात, त्याला उमेबोशी म्हणतात. भाताबरोबर एक फळ पुरते. (त्याची दारूही करतात, ती आपल्या कामाची नाही.) फळ पिकते जूनमध्ये. तेव्हा तिकडेही पावसाळा लागतो आणि चीन-जपानात त्या पावसाला जे नाव आहे ते लिहिताना ‘मेईचा पाऊस’ असे लिहितात. आपण आंबेसरी म्हणतो, तसेच हे.

भाच्याला उत्तर देण्याआधी आम्ही बी कशी रुजवतात ते वाचायला घेतले आणि पहिल्याच पानावर आमची चूक सापडली.

उमे काय, जर्दाळू काय, पीच काय, यांची बी फळातून बाहेर पडते तेव्हा झोपलेली असते. तिला पाणी द्या, ऊन द्या, उत्तम माती द्या, ती उठत नाही. तिला आधी थंडी हवी; ओलसर, काळोखी आणि सलग. दोन ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास उमेला साधारण तीन महिने, जर्दाळूला थोडे कमी. यामागचा हिशेब सरळ आहे. फळ उन्हाळ्यात पडते. बी लगेच उगवली तर कोवळे रोप पहिल्याच हिवाळ्यात मरेल. म्हणून बीच्या आत अशी व्यवस्था आहे की हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय ती उघडणारच नाही. आमच्या खिडकीतल्या त्या चार गुठल्या मेलेल्या असतील किंवा नसतीलही, पण त्या मेल्या असे ठरवायला आमच्याकडे काहीच आधार नव्हता. त्यांना हिवाळा मिळालाच नव्हता.

त्यातही उमे घाईचे झाड आहे. इतर झाडे कडाक्याची थंडी पूर्ण झोपून काढतात, हे जानेवारी-फेब्रुवारीत डोळे उघडते. 2012 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटमधल्या एका रानटी मेईच्या झाडावरून त्याचा सगळा जनुकीय आराखडा वाचून प्रसिद्ध केला. त्यात झोपेशी संबंध असलेली सहा जनुके एकापुढे एक रांगेत बसलेली सापडली. इतके लवकर फुलण्याचे मूळ त्यांच्यात असावे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला त्यातले फार कळत नाही, पण ‘रांगेत सहा’ हे मुलांच्या लक्षात राहते, म्हणून सांगतो.

आता बी पेरण्याची एक हकीकत. आम्हाला ती फार आवडली.

तोक्योच्या ईशान्येला शंभरेक किलोमीटरवर मितो नावाचे शहर आहे. 1833 मध्ये तिथला सरदार तोकुगावा नारिआकी पहिल्यांदाच आपल्या मुलखात आला. त्या काळच्या सरदारांना एदो, म्हणजे आजचे तोक्यो, इथेच बराच काळ राहावे लागे. याला उमेची आवड. एदोच्या वाड्यात त्याची बरीच झाडे होती. मितोत पाहतो तर उमे जवळजवळ नाहीच. परत गेल्यावर त्याने दरवर्षी वाड्यातल्या झाडांची फळे स्वतःच्या हाताने गोळा केली आणि मितोला पाठवली. बागेवरच्या माणसांना सांगितले, ही पेरा. बागेत जागा असेल तिथे, आणि गावाबाहेर मोकळी जमीन असेल तिथेही. 1840 मध्ये तो पुन्हा मितोला आला तेव्हा पेरलेल्या बियांचे बन झाले होते, फुलत होते आणि फळही धरत होते. हे सगळे त्याने स्वतः लिहून दगडावर कोरून ठेवले आहे. शिवाय घराघरातून दोन-चार उमे लावा, असे हुकूमही काढले. फूल बर्फात मन रमवते आणि खारवलेले फळ लढाईत शिपायाची तहान भागवते, हा त्याचा हिशेब.

1841 मध्ये त्याने मितोत मोठी शाळा उघडली, कोदोकान. दुसऱ्या वर्षी बाग खुली केली, काईराकुएन. अर्थ साधारण ‘सर्वांनी मिळून आनंद घेण्याची बाग’. शाळेत डोके शिणले की बागेत या, असा दोन्हींचा जोड. ठरावीक दिवशी सामान्य माणसालाही आत सोडत. आज तिथे सुमारे शंभर जातींची तीन हजार झाडे आहेत. नारिआकी स्वभावाने काही नरम माणूस नव्हता. 1844 मध्ये शोगुनच्या सरकारने त्याला पदावरून उतरवून नजरकैदेत ठेवले, पुढे पुन्हा एकदा, आणि 1860 मध्ये तो वारला. आम्हाला मात्र त्याचे एवढेच चित्र दिसते : एवढा मोठा सरदार जूनच्या चिकचिकीत झाडाखाली वाकून फळे वेचतो आहे, दरवर्षी, आणि ती रुजली की नाही हे पाहायला कित्येक वर्षे जाता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नारिआकीने पेरलेली झाडे त्याच्या वाड्यातल्या झाडांसारखी झाली नसणार. उमेच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणून प्रत्येक बी म्हणजे नवा खेळ. आई दुहेरी पाकळ्यांची गुलाबी असेल आणि लेकरू साधे पाच पाकळ्यांचे पांढरे निघेल. आईचे फळ मोठे, लेकराचे बोराएवढे. आई होती तशीच हवी असेल तर कलम करावे लागते. कलम हा शब्द आमच्या दोन्ही भाषांत आहे, आणि लिहायची लेखणी व झाडाची काडी दोन्हींना चालतो. कलम म्हणजे मूळ मजकुराची नक्कल. एक अक्षर बदलत नाही. जपानात जेवढ्या नावाजलेल्या जाती आहेत त्या सगळ्या कलमानेच चालत आल्या आहेत. पण त्यांतल्या प्रत्येकीचे पहिले झाड कधीतरी बीपासूनच उगवले होते, आणि कलम बांधायला खाली जो खुंट लागतो तोही बहुधा बीचाच असतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण जपानच्या वाकायामा जिल्ह्यातले आहे. देशातले निम्म्याहून जास्त उमे हा एक जिल्हा पिकवतो. तिथल्या मिनाबे गावात 1902 मध्ये ताकादा सादाकुसु नावाच्या शेतकऱ्याने तुतीची जमीन उमेखाली आणायला साठ रोपे विकत घेतली. कलमे नव्हे, बीची रोपे. झाडे मोठी झाली, फळाला आली, तेव्हा त्यांतल्या एकाचे फळ बाकीच्यांपेक्षा मोठे निघाले आणि उन्हाच्या बाजूला सुंदर लाली धरणारे. बाकी एकोणसाठांचे काय झाले, कोण जाणे. ताकादाने ते एक झाड जपले. 1931 मध्ये कोयामा तेइइची नावाच्या तरुणाने त्याच्याकडून काड्या नेल्या आणि आपल्याकडे वाढवल्या.

मग महायुद्ध झाले. अन्नाचीच पंचाईत, तिथे लोणच्याच्या झाडाकडे कोण पाहणार? युद्धानंतर 1950 मध्ये गावाने ठरवले की इथे ज्याच्या-त्याच्या बांधावर वेगवेगळे उमे आहे, त्यांतले खरोखर चांगले कोणते ते एकदा पाहू. त्यासाठी समिती झाली. तिचा प्रमुख ना शास्त्रज्ञ ना अधिकारी, तर गावच्या हायस्कुलातला शिक्षक, ताकेनाका कात्सुतारो. सुरुवातीला 114 जाती यादीत होत्या. पाच वर्षे हे काम चालले आणि त्यात शाळेची मुले राबली. फळे मोजायची, तोलायची, कोणत्या झाडावर किती धरली, कोणते वर्ष चुकले, ते सगळे उतरवायचे. शेवटी पहिला नंबर ताकादाच्या झाडाचा लागला. नाव काय द्यायचे? मुलांनी एवढे केले म्हणून शाळेचेच नाव दिले. मिनाबे हायस्कूलला थोडक्यात नान्को म्हणतात. 1965 मध्ये नान्को ही जात रीतसर नोंदली गेली. आज वाकायामात सर्वाधिक उमे नान्कोच आहे आणि जपानात उमेबोशीसाठी याच जातीचे नाव आधी घेतात.

एका आठवड्यात एका बीला निर्जीव ठरवणारे आम्ही, आणि पाच वर्षे मुलांकडून झाडे मोजून घेणारा तो शिक्षक. हे वाचून झाल्यावर आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. (आठवडा नव्हे, महिना; पण त्याने काय फरक पडतो.)

आता भाच्याचा प्रश्न : बी आणू का?

आम्ही नको म्हणालो. त्याला वाईट वाटले. कारणे दोन होती. पहिले हे की परदेशातून बी, रोप, काडी काहीही आणायचे तर आधी परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. पिशवीत चार गुठल्या टाकून आणणे हा गुन्हा आहे. लोक याला उगाच कटकट समजतात. त्यांच्यासाठी तोक्योच्या पश्चिमेच्या ओमे गावाचे उदाहरण आहे. तिथल्या टेकडीवर उमेची प्रसिद्ध बाग होती, फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसांची रीघ लागायची. 2009 मध्ये तिथल्या झाडांवर प्लम पॉक्स नावाचा विषाणू सापडला. माणसाला त्याचा काही अपाय नाही, पण उमे, पीच, जर्दाळू अशा झाडांना तो लागला की त्यावर औषध नाही. मावा त्याला झाडाझाडावर नेतो आणि रोगट झाडाची कलमकाडी त्याला गावोगाव नेते. रोग आटोक्यात येईना, म्हणून 2014 मध्ये त्या बागेतली उरलेली सगळी झाडे तोडून टाकली. हजाराच्या वर झाडे, काही फार जुनी. दोन वर्षांनी पुन्हा लावायला परवानगी मिळाली. हा विषाणू बीतून पसरत नाही असे मानतात, पण नियम काही एका रोगासाठी केलेले नसतात.

दुसरे कारण आपल्या हवेचे. बीला फ्रिजमधला हिवाळा देता येतो, पण झाडाला कुठून देणार? फुलाची कळी उघडायलाही सलग थंडी लागते. आमच्या मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन चटका देते. अशा ठिकाणी उमे जगले तरी बहुधा नुसते पान धरील. आणि एप्रिल-मेचा तडाखा वेगळाच. उलटी अडचण चीनमध्ये बेजिंगला होती, तिथे थंडी जास्त. चेन जुन्यू नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दक्षिणेकडच्या मेईच्या बिया बेजिंगला पेरल्या. बरीच रोपे हिवाळ्यात गेली. जी तगली त्यांतून बेजिंगमध्ये उघड्यावर फुलणारी मेई मिळाली. कलमे नेली असती तर ती सगळी एकसारखीच मेली असती. पण असे काम करायला हजारो बिया आणि अर्धे आयुष्य लागते. एका अंगणात ते होत नाही.

म्हणून आम्ही जर्दाळूकडे परत आलो. ती आपल्या बाजारात मिळते, तिला कोणाचा परवाना लागत नाही. फूल येणार नाही, हे आधीच सांगतो. पण बीची झोप मुलांना दाखवायची असेल तर याहून चांगली बी नाही.

बाजारातून वाळलेली, गुठलीसकट असलेली जर्दाळू घ्यावी. उन्हात वाळलेली असेल तर आतली बी जिवंत असण्याची आशा असते; उकळलेली किंवा भट्टीत तापवलेली असेल तर नाही. (बिर्याणीतल्या आलुबुखाऱ्याची बीही एका मुलाने आणली होती. ती शिजलेली होती, तिच्याबद्दल आमचे निदान बरोबर ठरले.) गुठली स्वच्छ धुऊन एक रात्र भिजवावी. मग पिळून घेतल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओल्या रेतीत किंवा नारळाच्या भुशात मिसळून पिशवीत घालावी, वर तारीख लिहावी आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नाही. घरात सर्वांना सांगून ठेवावे, नाहीतर आमच्यासारखे होते. आमची पहिली पिशवी आमच्या सासूबाईंनी बुरशी आलेले काहीतरी समजून टाकून दिली. दर आठवड्याला उघडून पाहावे, बुरशी दिसली तर धुऊन पुन्हा ठेवावे. दोन-अडीच महिन्यांनी काही गुठल्यांची शिवण उकलते आणि पांढरे मूळ बाहेर येते. आधी मूळच येते. ते खाली राहील अशी बी कुंडीत दोन बोटे खोल लावावी. कुंडीचे भोक मोकळे हवे, या जातीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही.

आणि एक ताकीद. या सगळ्या घराण्याच्या कडू गिरीत आणि उमेच्या कच्च्या फळातही असे द्रव्य असते की पोटात गेल्यावर त्याचे विष होते. गोड जर्दाळूची गोड गिरी आपण खातो ते ठीक, पण कडू लागली तर थुंकावी आणि लहान मुलांच्या हाती फोडलेल्या गिऱ्या देऊ नयेत.

आम्ही दुसऱ्या खेपेला बारा गुठल्या ठेवल्या. तीन उगवल्या. दोन रोपे एप्रिलच्या उन्हात गेली, एक शाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीत आहे. सुट्टीत शिपाईदादा पाणी घालतात. ती मुलगी आता नववीत आहे. तिला बोलावून दाखवले. तिने वाकून पाहिले, एक पान बोटाने उलटे केले आणि विचारले, ‘‘मग माझ्या त्या चार जिवंत होत्या?’’ आम्ही म्हणालो, ‘‘माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं.’’ ती लिंबाखाली जाऊन पाहून आली. तिथे आता सायकली लावतात.

भाच्याने मात्र ऐकून स्वस्थ बसायचे नाही असे ठरवले होते. गेल्या जूनमध्ये त्याने तिथेच एक किलो पिकलेली उमे घेतली, घरमालकिणीच्या मदतीने मिठात घातली, आणि काही फळांच्या गुठल्या धुऊन रेतीच्या कुंड्यांत पुरून बाल्कनीत ठेवल्या. तिकडच्या हिवाळ्याला फ्रिज लागत नाही. मार्चमध्ये फोन आला, पाच उगवल्या. फूल यायला किती वर्षे लागतात, असे त्याने म्हाताऱ्या घरमालकिणीला विचारले. त्यांच्याकडे एक म्हण आहे. पीचला तीन वर्षे, पर्सिमनला आठ, उमेला तेरा. त्याचा करार पुढच्या वर्षी संपतो. कुंड्या तिच्याकडे ठेवून येणार आहे.

‘‘कसली फुलं येतील, खाला? पांढरी का गुलाबी?’’

आम्ही म्हणालो, ते तिला फोन करून विचारत जा.